एका कांडीत किती मावतं

आठ मिनिटं. नीट भरलेली कांडी धोट्यात घातली आणि मधे तार तुटली नाही, तर ती आठ मिनिटांत संपते. हा शोध माझा आहे आणि तो सांगताना आजही माझी छाती जरा फुगते. पुढं मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. नोकरी केली, मनगटावर घड्याळ आलं. पण नोकरी सांभाळून शिकणारी माणसं 'वेळ काढायचा कसा हो' असं विचारायला येतात तेव्हा मी त्यांना घड्याळाचं काही सांगत नाही. कांडीचं सांगतो.

आम्ही नगरचे विणकर. गल्लीत तीसेक घरं आणि घरोघरी माग. लुगड्याचे उभे धागे मागावर ताणून बसवलेले असतात, तो ताणा. त्यातून आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो लाकडी धोटा, आणि धोट्याच्या पोटात सुताची जी बोटाएवढी गुंडी असते ती कांडी. आई दिवसभर रहाटावर कांड्या भरायची. एका मागावर वडील, दुसऱ्यावर मी. मॅट्रिक झालो तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला मागावर बसवलं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही.

मग नगरला कॉलेज निघालं. स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमारास. तोवर कॉलेज म्हणजे पुणं, आणि पुणं म्हणजे खोली, खाणावळ. ते आमच्या वाट्याचं नव्हतं. आता कॉलेज घरापासून चालत अर्ध्या तासावर आलं होतं. मी नादारीचा, म्हणजे फी-माफीचा, अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि मग घरी सांगितलं. वडिलांनी धोटा थांबवला.

"शिकायला माझी ना न्हाई," ते म्हणाले. "पन माग एक दिस जरी रिकामा ऱ्हायला, तर त्या दिसापास्नं कालेज बंद. मग रडायचं न्हाई."

ही नुसती धमकी नव्हती. युद्ध संपलं तरी सुताची टंचाई संपली नव्हती. सूत मिळायचं ते चालत्या मागाला. माग रिकामा दिसला की त्याच्या वाट्याचं सूत दुसऱ्या घरी जायचं, आणि एकदा गेलेलं परत येत नसे. मी कबूल झालो. कॉलेज अकरा ते चार, उरलेला दिवस मागाचा. अभ्यास कधी करायचा हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

सुरुवातीला मी मूर्खासारखा वागलो. समोरच्या बांबूला पुस्तक बांधलं आणि विणता विणता वाचायला लागलो. फार मोठी युक्ती सापडली असं वाटलं. चौथ्या दिवशी वडील माझ्या मागापाशी आले, विणलेल्या कापडावरून तळहात फिरवला आणि एका जागी थांबले.

"हितं दोन तारा तुटल्यात. वीतभर तसंच इनत गेलास. ह्या वीतभरात पुस्तकात काय लिवलं हुतं, सांग."

मी बांबूवरच्या पुस्तकाकडं बघितलं.

"म्हंजी लुगडंबी गेलं आन् पुस्तकबी," असं म्हणून ते आपल्या मागावर जाऊन बसले.

दोन कामांवर एकदम डोळा ठेवता येत नाही, हे मला तिथं कळलं. पण विणकर बसल्या बसल्या एका वेळी थांबतोच. कांडी संपली की धोटा काढायचा, रिकामी नळी टोपलीत टाकायची, नवी कांडी घालून टोक ओढून घ्यायचं. हे करायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण ते अर्धं मिनिट डोळे मोकळे असतात, आणि पुढच्या कांडीभर हात आपोआप चालतात, डोळे कापडावर राहतात, डोकं मात्र रिकामं असतं. माझी जागा ती होती.

माझ्या वर्गात केडगावचा एकजण होता, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. त्याच्याजवळ मनगटी घड्याळ होतं. एका रविवारी दुपारी प्रार्थना आटोपून तो सायकलवर आमच्याकडं आला, रहाटापाशी पाटावर बसला आणि मी विणत असताना एकामागून एक दहा कांड्या त्यानं मोजल्या. आईला वाटलं, सरकारी माणूस आलाय. तिनं त्याला दोनदा चहा दिला.

"आठ, आठ, साडेसात, आठ," तो वाचत होता. "अरे, तू माणूस आहेस की यंत्र?"

त्या दिवसापासून माझं आयुष्य बदललं, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून मी हाताच्या पंजाएवढे कागद केले. एका कागदावर चार ओळी, पाचवी नाही. कांडी बदलताना कागद वाचायचा. ती संपेपर्यंत त्या चार ओळी मनात घोळायच्या. पुढची कांडी घालताना आधी न बघता म्हणायच्या, मग बघायचं. बरोबर आलं तर कागद उलटायचा, चुकलं तर तोच पुन्हा. पहाटे बसलो की दहाला उठेपर्यंत तीस कांड्या व्हायच्या. तीस कागद. एवढं वर्गातली घरी टेबलखुर्ची असलेली पोरंसुद्धा सकाळभरात करत नव्हती, कारण त्यांना कुणी आठ मिनिटांनी हटकत नव्हतं.

आणखी दोन गोष्टी मी ठरवून केल्या. अवघड कागद पहिल्या दहा कांड्यांत, कारण दिवस चढला की गल्ली जागी होते आणि डोकं चहूकडं जातं. दुसरी आईची सवय होती. संध्याकाळी उठण्यापूर्वी ती उद्याची पहिली कांडी भरून धोट्यात घालून ठेवायची. 'सकाळी हुडकाहुडकी नको,' म्हणायची. मी धोट्याशेजारी उद्याचा पहिला कागदही ठेवायला लागलो. बसल्यावर सुरुवात कुठून करायची हा विचारच उरला नाही. माणसाचा निम्मा वेळ त्या विचारातच जातो, हे मी पुढं कचेरीत मोठमोठ्या साहेबांच्या बाबतीत पाहिलं.

सहामाहीत मी वर्गात चौथा आलो. मग मला चटक लागली. जिथं तिथं कांड्या मोजायला लागलो. नळावर घागर भरेपर्यंत अर्धी कांडी. ओट्यावर गप्पा, तीन कांड्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा, दोन कांड्या आणि वर राजकारण. मी ओटा सोडला, हॉटेल सोडलं. आणि मग माझी नजर पाजणीवर गेली.

पाजणी म्हणजे नव्या ताण्याला खळ पाजणं. नुसतं सूत मागाच्या झटक्यानं तुटतं, म्हणून ते आधी कणकेच्या पातळ खळीत भिजवून घट्ट करतात. त्यासाठी सबंध ताणा गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी घोड्यांवर पसरावा लागतो. मग दोघं समोरासमोर मोठे कुंचे घेऊन खळ ओढत चालत जातात, मागून दोघं धागे सुटे करत येतात, कुणी तुटलेल्या तारा सांधतं. हे सगळं उजाडताना सुरू करून ऊन तापायच्या आत व्हायला हवं. खळ धागे चिकटलेले असतानाच वाळली तर अख्खा ताणा फुकट. घरची तीन माणसं हे काम करूच शकत नाहीत. निदान आठ लागतात.

आणि कुणी कुणाला बोलवत नसे. पहाटे गल्लीत शिजलेल्या खळीचा वास आला की जो तो आपला माग सोडून जायचा. कुणी किती पाजण्यांना आला हे कुणी मोजत नसे, आणि सगळ्यांना माहीत असे.

मी मोजलं. एक पाजणी, वीस कांड्या. माघ महिन्यापासून मी चार पाजण्या चुकवल्या. वडील जायचे, पण रीत मागाला एक माणूस अशी होती, आणि माझ्या मागाचा माणूस मी होतो. वास आला की दार लोटून घ्यायचो आणि धोटा चालू ठेवायचो. ऐंशी कांड्या वाचल्या म्हणून मनात खूष होतो.

आई एकदा म्हणाली, "आरं, जाऊन ये की. लोक बघत्यात."

"आई, परीक्षा हाय."

"त्यांनाबी पोटं हायेत."

मी कागद उलटला.

परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या मागावरचा ताणा परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी संपतोय. म्हणजे त्याच्या आत नवा ताणा पाजून तयार हवा, नाहीतर ऐन परीक्षेत माग रिकामा, आणि माग रिकामा म्हणजे कॉलेज बंद. मी गल्लीतल्या सर्वांत वयस्क विणकरांकडं गेलो. सगळे त्यांना काका म्हणत. गल्ली एकच, तेव्हा कुणाची पाजणी कुठल्या दिवशी हे तेच ठरवत.

"परवा सकाळ मोकळी हाय," काका म्हणाले. "कर की."

मी परवा केली. आईनं पहाटे खळ शिजवली, वडिलांनी घोडे मांडले, आम्ही तिघांनी ताणा पसरला. वास गल्लीभर गेला. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खटका ऐकू येत होता, आणि तो कुठंच थांबला नाही. समोरच्या घरातला तरुण विणकर तांब्या घेऊन बाहेर आला, आमच्याकडं बघून म्हणाला, "काय बीएसाहेब, पाजणी व्हय? बरं हाय," आणि आत गेला. त्याचाही माग सुरू झाला.

ऊन समोरच्या भिंतीवर उतरायला लागलं. मी खळीचं भांडं उचललं.

"ठेव ते," वडील म्हणाले. "तिघात लावलीस तर सूत जाईल. गुंडाळ."

आम्ही कोरडा ताणा गुंडाळला. सगळी गल्ली दारं उघडी ठेवून विणत होती. वडील घोडे एकेक करून आत घेऊन गेले. खळ वाया जाऊ नये म्हणून आईनं ती शेजारच्या म्हशीला घातली.

मी तसाच काकांकडं गेलो. म्हटलं, "काका, कुणी आलं नाही."

"मला वाटलं तू याद्या करतोस. कुनाला बोलवायचं त्याची केलीस का?"

"पाजणीला बोलवायची पद्धत कुठं हाय?"

"न्हाईच," काका म्हणाले. "मग कसं कळावं मानसाला, कुनाकडं जायचं ते?" आणि त्यांनी धोटा मारला.

म्हणजे आधी मी जायला हवं होतं. अभ्यासाचे दिवस मोजके, त्यात आता लोकांच्या पाजण्या. पण दुसरा मार्ग नव्हता. दोन दिवसांनी पहाटे वास आला तसा मी धोटा हातातून ठेवून बाहेर गेलो. समोरच्या तरुण विणकराचीच पाजणी होती. त्यानं मला बघितलं, न बघितल्यासारखं केलं. काकांनी मात्र दुसरा कुंचा माझ्या हातात दिला. मी चालायला लागलो आणि सवयीनं तोंडातल्या तोंडात कागद म्हणायला लागलो.

"काय पुटपुटतोस रं?" समोरून काकांनी विचारलं. "मंतर टाकतोस का काय ताण्यावर?"

"इतिहास हाय, काका. परीक्षेचा."

"मग मोठ्यानं म्हन. आमालाबी कळू दे."

"इंग्रजीत हाय."

"मग मराठीत सांग. समजलंय का नुसतं पाठ केलंय?"

हे मला फार झोंबलं. मी कुंचा ओढत सांगायला लागलो. विलायतेत पूर्वी आपल्यासारखेच विणकर होते. घरात माग, बाई सूत कातायची, बाप विणायचा. मग दोनशे वर्षांपूर्वी एकानं दोरी ओढून पळणारा धोटा काढला.

"थांब," काका म्हणाले. "ह्यो आपला दोरीचा धोटा सायबानं काढलेला?"

"हो."

"माझ्या बापानं जनमभर हातानं फेकला. दोरी आली तवा लई शिव्या घातल्या त्यानं. म्हनला, निम्मी मानसं घरी बसवनार ह्ये."

"तिकडंही तेच म्हणाले, काका. पुढं तर लोकांनी यंत्रं फोडली."

"फोडली?" मागून धागे सुटे करणारे दोघं एकदम जवळ आले. "मग?"

"मग सरकारनं फौज आणली."

"सरकार समदीकडं सारखंच," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात तो तरुण विणकर, जो त्या सकाळी अजून माझ्याशी बोलला नव्हता, तार सांधता सांधता म्हणाला, "पन मला सांग, धोटा दुप्पट पळाया लागल्यावर सूत कोन पुरवनार? माझी बायको दोन रहाट चालवती तरी मला कांडी कमी पडती. त्यांच्या बाया मेल्या असतील की."

मी कुंचा हातात धरून जागच्या जागी थांबलो. पुस्तकात हे होतं. धोटा वेगानं पळाला, सूत अपुरं पडलं, म्हणून सूत कातायचं यंत्र निघालं, आणि मग सूत जास्त झालं म्हणून विणायचं यंत्र निघालं. चार कागदांवर मी ही कारणं लिहिली होती आणि दोन महिने त्यांचा क्रम चुकवत होतो. आणि हा माणूस, ज्याला सही करता येत नव्हती, तो पुस्तक न बघता पुढचं पान सांगत होता. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण हाताला खळ होती.

"अरं चाल, वाळंल," काका ओरडले.

मी चाललो. त्या सकाळी सबंध प्रकरण मी मराठीत सांगून संपवलं आणि नंतर त्याचा एकही कागद मला बघावा लागला नाही. वीस कांड्या गेल्या होत्या. मागावर त्याला साठ लागल्या असत्या.

त्या आठवड्यात आणखी दोन पाजण्या झाल्या. दोन्हीला मी पहिला हजर. एकीत फ्रान्सच्या राजाचं डोकं उडवलं. भाकरी महाग झाली म्हणून पॅरिसच्या बायका राजवाड्यावर चालून गेल्या, हे ऐकून एका आजीबाईंनी दारातून विचारलं, "तवा त्यांच्या घरी लेकरं कुनी सांभाळली?" हे पुस्तकात नव्हतं. मी तसं सांगितलं. "मग कसलं पुस्तक," त्या म्हणाल्या. दुसरीत नागरिकशास्त्र काढलं, ते कुणालाच आवडलं नाही. "ह्यात कोन मरतंय का न्हाई?" असं विचारून काकांनी मला पुन्हा फ्रान्सला नेलं.

आता मोकळी सकाळ उरली होती ती परीक्षेच्या पहिल्या दिवसाची. पेपर अकराला. आदल्या संध्याकाळी माझ्या मागावरचा ताणा ठरल्याप्रमाणं संपला. पहाटे आईनं पुन्हा खळ शिजवली. वडील घोडे मांडत होते, त्यांचं तोंड उतरलेलं होतं. मी भांडं घेऊन उंबरा ओलांडला तर काका ओट्यावर कुंचा मांडीवर घेऊन बसले होते. समोरचा तरुण विणकर लुंगी खोचत आला. मग शेजारचे. मग एकेका घरातला खटका थांबत गेला. मी डोकी मोजली, अकरा. गल्लीत मावेनात एवढी.

"राजाचं झालं, आता त्याच्यामागनं बादशहा झाला त्या लढवय्याचं सांग," काका म्हणाले. "त्यो शेवटी पकडला ना?"

मी सांगितलं. कुंचे खालीवर चालले होते, ताणा ओला होऊन चकाकत होता, मी इतका रंगलो की ऊन भिंतीवर कधी आलं कळलं नाही. काकांनी आभाळाकडं बघितलं.

"तू आता नीघ. आंगोळ कर, पोटाला खा."

"काका, ताणा वाळला नाही अजून. मालक पाजणी सोडून जातो का कधी?"

"मालक तुझा बाप हाय. आन् त्यो हितंच हाय."

वडिलांनी माझ्या हातातला कुंचा काढून घेतला. "जा," एवढंच म्हणाले.

अंघोळ केली तरी कोपरापर्यंत खळीचे पापुद्रे राहिलेच. पेपर लिहिताना ते सुटून कागदावर पडत होते आणि मी फुंकरीनं उडवत होतो. विलायतेच्या विणकरांवर प्रश्न आला नाही. फ्रान्सवर आला. मी पॅरिसच्या बायकांवर दीड पान लिहिलं, माझ्या स्वतःच्या इंग्रजीत, चुका होत्या तशा. पाठ केलेलं वाक्य त्यात एकही नव्हतं.

घरी आलो तेव्हा वडील माझ्या मागाखाली बसले होते. जुन्या ताण्याची टोकं आणि नव्याची टोकं बोटांना राख लावून एकेक पिळत सांधत होते. दोन हजार तारा. निम्म्याच्या वर झाल्या होत्या. मी दुसऱ्या टोकाला बसून राखेत बोटं बुडवली.

"लिवलास?"

"लिहिला."

"उद्या हाय का?"

"हाय. चार दिस."

"मग ही कड मी घेतो. तू उजेड हाय तोवर मधली घे, आन् उठ."

बाकीचे पेपर तसेच झाले. पहाटे कांड्या, अकराला पेपर, आल्यावर कांड्या. मी पास झालो, वर्गात दुसरा. पहिला आला तो केडगावचा. घड्याळ त्याच्याजवळ होतं, म्हणून मी फार मनाला लावून घेतलं नाही. वडिलांनी निकाल ऐकला आणि पुढच्या वर्षाची फी-माफी कधी मागायची ते विचारलं. मागाची अट त्यांनी पुन्हा घातली नाही. मीच ती पाळली, बी.ए. होईपर्यंत. माझ्या रोजच्या कागदावर मात्र सगळ्यात वर एक ओळ वाढली होती: आज कुणाची पाजणी. पुढं कचेरीतही ती ओळ मी कायम ठेवली, पाजणीच्या जागी माणसाचं नाव घालून.

जूनमध्ये कॉलेज पुन्हा उघडलं त्याच सकाळी गल्लीत खळीचा वास आला. त्या दिवशी ढगाळ होतं, ताणा वाळायला वेळ लागला. मी वर्गात पोचलो तेव्हा पहिला तास निम्मा झाला होता. प्राध्यापक थांबले, माझ्या पांढऱ्या पडलेल्या हातांकडं बघून त्यांनी उशीर का झाला ते विचारलं.

"शेजाऱ्यांच्या ताण्याला खळ पाजत होतो, सर," मी सांगितलं.

वर्ग हसला. मीही हसलो, आणि जागेवर जाऊन वही उघडली.